बुधवारचा पेला

कडाव,
सोमवार, २७ ऑक्टोबर

हर्षले, माझे बाय,

तुझ्या धोंडूआजीचा तुझ्या दोन्ही गालांवरून हात. पत्र बघून हसू नको. फोनवर तू बोलतेस त्यातलं निम्मं मला ऐकू येत नाय आणि निम्मं तुझ्यामागचं गाणंच ऐकू येतं. मग मी बोलले, दोन वर्षं रात्रीच्या वर्गाला जाऊन अक्षरं शिकले ती काय रेशनच्या दुकानात सही करायलाच? जितेशचा दुधाचा टेंपो रोज सकाळी तुझ्या हॉटेलवरून चौक गावाला जातो. तो गेटावर चिठी देईल. जोडाक्षरं चुकतील तिथं तू सांभाळून घे. पण कसं वाटतंय सांगू, लिहिताना? लुगड्याला स्वतःच्या हातानं काठ लावल्यासारखं वाटतंय.

दिवाळीला तू आली नायस. डब्यात करंज्या हायत, मऊ पडल्या असतील तर चहात बुडवून खा. यंदा दिवाळीत बी पाऊस पडला, भात आडवं झालं. आडवं भात कापायचं म्हंजे उभ्या भाताच्या दुप्पट वाकायचं. तुझी आई भाकरी थापताथापता डुलकी काढते. काल एक भाकरी तव्यावर कोळसा झाली, वास मला आला, तिला नाय. तुझा बाप जेवून उठला की हात न पुसता आडवा होतो. सगळं घर दमलंय गं. मीच काय ती टवटवीत, कारण मला आता शेतात कोणी नेत नाय.

नवीनचं सांगते, म्हंजे तुझ्या बापाचं. गणपतीत तू सांगितलंस की रिसेप्शनवरनं बारमदे गेले, तेव्हापासून तो तुझं नाव घेत नाय. पण जितेश दूध घालून परत आला की त्याच्या टेंपोजवळ जाऊन उभा राहतो. विचारत काय नाय. नुसता उभा राहतो.

जितेश बोलला, हर्षला सुकलेय, डोळ्यांखाली काळं आलंय. खरं काय ते लिही. आणि तू तिथं करतेस तरी काय? हळदीला मांडवामागं माझा दीर आबाजी कॅन घेऊन बसतो आणि ग्लासात ओतून देतो, तसंच ना? त्यात शिकण्यासारखं काय असतं? सगळं लिही. आता मी वाचते.

तुझी आजी


लोधिवली,
गुरुवार, ३० ऑक्टोबर

आजी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. करंज्या एका दुपारीच संपवल्या, जेवणाऐवजी.

खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते. दमले आहे. शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी असते, तेव्हा हसून हसून गाल दुखतात. सोमवार ते शुक्रवार बार रिकामा असतो, आणि रिकाम्या बारमध्ये काम असल्यासारखं उभं राहणं त्याहून दमवतं. आमचे मालक कमलेश शेठ म्हणतात, आठवडाभर बार उघडा ठेवणं परवडत नाही. त्यांनी पुण्यात पब नाइट पाहिली. म्हणजे थाटमाट काही नाही, आसपासची माणसं कामावरून सुटली की येतात, गाणी, गप्पा, आणि सगळ्यांना आवडतील अशी ठरलेली चार कॉकटेल. तशी एक रात्र त्यांनी माझ्यावर सोपवली आहे, गुरुवार तेरा तारखेची. हॉल भरला आणि पेयं खपली तर ती दर आठवड्याला होईल आणि मी इथंच राहीन. नाहीतर बार फक्त शनिवार-रविवार, आणि मला ते त्यांच्या गोव्याच्या हॉटेलवर पाठवणार. आजी, मला गोव्याला जायचं नाही. बाबा बोलत नसले तरी इथून निदान जितेशच्या टेंपोच्या चाकांना लागलेला कडावचा चिखल दिसतो.

मी काय करते विचारलंस. कॉकटेल म्हणजे दारू नुसती न देता तिच्याशी आंबट, गोड आणि थंड असं काहीतरी जुळवायचं. जुळलं की दारूचा धाक जातो, न जुळलं की ते औषध होतं. चार निवडण्यासाठी मी पंधरा लिहून काढली. कडू होती ती खोडली, पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं की माणूस दुसरा ग्लास घेत नाही. अंड्याचा पांढरा फेस लागतो ती खोडली. एकेक ग्लास पाच पाच मिनिटं हलवत बसावं लागतं तीही खोडली, कारण मी एकटी आहे. जी काचेच्या मोठ्या जगमध्ये आधीच मिसळून ठेवता येतील, तीच परवडतात. आता सात उरली आहेत: मोहितो, व्हिस्की सावर, सांग्रिया, पेरू-मिरची, आल्याचं म्यूल आणि आणखी दोन. रोज चाखते आहे. काल लिंबू जास्त झालं की साखर, तेच कळेना. इतकी दमले आहे.

तू सांग, आपल्याकडे लोकांना काय आवडतं? आणि बाबांना यातलं काही सांगू नकोस.

हर्षला


कडाव,
रविवार, २ नोव्हेंबर

हर्षले,

गुरुवारी? अगं बाय, गुरुवारी आपल्याकडं ग्लासाला हात कोण लावतो? निम्मी भावकी दत्ताची, उरलेली साईबाबांची. तुझा शेठ कुठला गं? बुधवार घे. बुधवारी घरात मटण असतं, नायतर सुकट तरी असते, आणि तोंडाला चव असते. हे त्याला सांग, पण मी सांगितलं असं सांगू नको, त्याला वाटायचं म्हातारी पिते.

कडू खोडलंस ते बरं केलंस. नावांचं पण बघ. जे नाव घेता येत नाय ते माणूस मागत नाय, दुसरंच मागतो नायतर पाणी पितो. आबाजी सांग्रिया बोलायला गेला तर त्याची कवळी ग्लासात पडायची. पेरू चालेल. पेरूला तिखटमीठ लावून शाळेच्या दारात सगळ्यांनी खाल्लाय, शाळेत न गेलेल्यांनी पण. आणि आलं ठेवच. कापणीत धूळ जाऊन सगळ्यांचे घसे बसलेत, आमच्या घरात रात्रभर खोकल्याची भजनं चालतात.

लोकांना काय आवडतं विचारलंस. माझं काय ऐकतेस, मी चहाची बाई. पण इतक्या हळदींना बसले, एक बघितलंय. माणूस ग्लासात काय हाय ते नंतर बघतो, आधी शेजाऱ्याकडं बघतो. जनाच्या हळदीला तर, थांब, जनाची हळद राहू दे, ती लिहायला घेतली तर शाई संपेल. तिच्या नवऱ्यानं नाचताना मांडवाचा खांब धरला आणि मांडव त्याच्याबरोबर नाचला, एवढंच सांगते.

गोवा किती लांब हाय ते जितेशला विचारलं. टेंपो जाईल का तिथपर्यंत, बोलले. तो हसला. मला हसू आलं नाय.

तू चव बघ आणि झोप काढ. माणसांची काळजी करू नको. ती माझ्यावर सोड.

आजी


लोधिवली,
गुरुवार, ६ नोव्हेंबर

आजी,

शेठ ऐकले. बुधवार, बारा तारीख ठरली. चार पेयं पण ठरली: मोहितो, व्हिस्की-लिंबू, पेरू-मिरची आणि आल्याचं. नावं सोपी केली. आल्याच्या म्यूलमध्ये आलं, लिंबू, सोडा आणि व्होडका असते. ते तांब्याच्या पेल्यात देतात. शेठनी फोटो चांगले यावेत म्हणून भरपूर पेले आणले आहेत आणि ते चिंचेनं घासायचं काम माझ्याकडे आहे.

खोपोलीच्या दोन कारखान्यांत पत्रकं वाटून आले. लोक हो म्हणतात, पण हो म्हणणारे किती येतात हे मला माहीत आहे. काल उभ्या उभ्या डोळा लागला आणि हातातलं लिंबू सुटून पडलं, त्या आवाजानं जागी झाले.

माणसांची काळजी माझ्यावर सोड म्हणजे काय? आजी, तू काय करते आहेस?

हर्षला


कडाव,
मंगळवार, ११ नोव्हेंबर

हर्षले,

घाईत लिहिते, जितेश हॉर्न वाजवतोय.

मी भावकीला आवतान दिलं. कुंकवाचा करंडा घेऊन घरोघरी गेले, हळदीला जाते तशीच. बोलले, नवीनच्या हर्षलाचा चौकजवळ कार्यक्रम हाय, तिथं तिचा हात चालतो, खाणंपिणं ज्याचं त्यानं करायचं, पण यायचं. घरटी निदान दोन माणसं. कोणी नाय बोललं नाय. दमलेली माणसं हायत, कापणी उरकलीय, कुठंतरी बसायला सगळ्यांनाच पायजे.

नवीनला मी काय सांगितलं नाय. त्याला गावानं सांगितलं. जितेशचा टेंपो कमी पडला, तर दुसरा टेंपो नवीननंच फोन करून बोलावला. स्वतः येतो का ते बोलला नाय.

मी हिरवं लुगडं नेसणार हाय.

आजी


लोधिवली,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आजी,

काल दिवसभर झोपले. आता लिहिते. तू तिथं होतीस, पण तू पंख्याखालच्या टेबलावर बायकांमध्ये होतीस, खोपोलीहून आलेल्या कॉलेजातल्या एका बाईंना जनाच्या हळदीची गोष्ट सांगत. काउंटरवरून काय दिसत होतं ते तुला माहीत नाही.

दोन टेंपो गेटात शिरले तेव्हा कमलेश शेठ खूश झाले. आबाजी आजोबांनी उतरल्या उतरल्या त्यांच्या हातात नारळ ठेवला आणि डोक्यावर टोपी घातली. शेठना वाटलं, हा कार्यक्रमाचा भाग आहे. त्यांनी फोटो काढून घेतला. हॉल भरला. खोपोलीचेही आले. मी पेयांचे चारही जग भरून तयार होते.

आणि कोणी काही मागेना.

आबाजी आजोबा पेयांचं कार्ड हातात धरून समोरच्या टेबलावरच्या ऋतिककडे बघत होते. ऋतिक सत्तावीस वर्षांचा, कारखान्यात सुपरवायझर, मी त्याला बाहेर अनेकदा पिताना पाहिलं आहे. पण समोर त्याचे सख्खे आजोबा. त्याने मान खाली घातली आणि पाणी मागितलं. आजोबांनी नातवासमोर कसं घ्यायचं म्हणून लिंबू सरबत मागितलं. त्यांच्यामागे सासरे-जावई बसले होते, पुढे चुलते-पुतणे. एकाच हॉलमध्ये सगळ्यांच्या समोर सगळे. हळदीला मांडवामागे अंधार असतो, तिथे कोणी कोणाला ओळखत नाही. इथे शेठनी फोटोंसाठी लख्ख दिवे लावले होते. सगळीकडे लिंबू सरबत, पाणी आणि पापड. आजी, तू पूर्ण भावकी आणलीस, म्हणून कोणालाच पिता येईना.

शेठ माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, ही पब नाइट आहे की साखरपुडा. खोपोलीची चार माणसं जागा नाही म्हणून परत गेली होती, आणि ज्यांना जागा मिळाली होती ते पापड मोडत बसले होते. शेठ एवढंच म्हणाले, पण जाताना त्यांनी गोव्याच्या मॅनेजरचा विषय काढला, की तो चांगला माणूस आहे, तुला सांभाळून घेईल.

मला रडूही येत नव्हतं, त्यालाही ताकद लागते. मी उगीच हाताला काम म्हणून एक तांब्याचा पेला पुसत होते. तेव्हा आबाजी आजोबा त्या पेल्याकडे बघताना दिसले. पेल्याच्या आत काय आहे ते त्यांना बसल्या जागेवरून दिसत नव्हतं. मलाही नसतं दिसलं. आणि व्होडकाला वास नसतो, आल्याला असतो.

मी काचेचे ग्लास आत ठेवायला सांगितले. बाकीची तीन पेयं बंद केली. आल्याच्या जगमध्ये व्होडका अजून घातली नव्हती, ती बाटलीतच ठेवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की आज फक्त आल्याचा पेला मिळेल, दमलेल्या घशाला चांगला, आणि ज्याचा त्याने काउंटरवर येऊन न्यायचा. काउंटरचं एक टोक खांबाआड आहे. तिथे एका वेळी एकच माणूस उभा राहतो.

पहिले आबाजी आजोबा आले. छताकडे बघत म्हणाले, खोकला झालाय. मी विचारलं, नवा की जुना? ते म्हणाले, जुना. मी व्होडका घालून जुन्या खोकल्याचा पेला दिला. मग ऋतिक आला. तोही छताकडे बघत होता. छतावर काय आहे कोण जाणे, सगळे तिकडेच बघत आले. जुन्या खोकल्याचे बरेच होते. नव्याचेही होते, ते आपापला पेला घेऊन जुन्यांतच जाऊन बसले, आणि कोणता पेला कोणाचा ते कोणालाच सांगता येईना. दोन्ही टेंपोवाल्यांना मी न विचारता नुसतं आलं दिलं. तुलाही नुसतंच दिलं, तू काही बोलली नाहीस म्हणजे तुला आवडलं असावं.

अर्ध्या तासात हॉलचा आवाज बदलला. आजोबा गायला लागले, ऋतिकने टेबलावर ताल धरला. आंबट-गोड जुळवत दोन आठवडे निवडलेली माझी तीन कॉकटेल जगमध्येच राहिली. त्यांची कोणाला आठवणही झाली नाही.

बाबा आलेत हे मला माहीत नव्हतं. ते बाहेर टेंपोला टेकून उभे होते, जितेशने सांगितलं. काउंटरवरची रांग संपली तेव्हा ते खांबाआड येऊन उभे राहिले. छताकडे बघितलं नाही. माझ्याकडेही नाही, माझ्या हातांकडे बघत होते. मी काही विचारायच्या आत म्हणाले,

"मला नुसतंच दे."

मी काचेचा ग्लास घ्यायला वळले. पेल्यामुळे त्यांना कशाला पिणाऱ्यांत धरायचं.

"पेला तोच दे," ते म्हणाले. "सगळ्यांचा हाय तो."

पेला घेऊन ते आत गेले आणि आबाजी आजोबांच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असे बसले. मी बर्फाच्या पेटीत डोकं घालून बराच वेळ बर्फ शोधत राहिले.

शेठ म्हणाले, बुधवार पक्का. ते आणखी पेले मागवणार आहेत. गोव्याचं नाव परत काढलं नाही. मला आनंद झाला असणार, पण पाय इतके दुखत आहेत की बाकी काही जाणवत नाही. जाणवलं की लिहीन.

हर्षला


कडाव,
सोमवार, १७ नोव्हेंबर

हर्षले, माझे गुणाचे बाय,

तुझं पत्र मी तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. कुठं अडले नाय. सुपरवायझरला जरा अडले. ती रडली आणि मग हसली आणि मग भात उतू गेला.

परत येतानाची मजा ऐक. टेंपोत सगळे एकमेकांची स्तुती करत होते. आबाजी बोलला, आपला ऋतिक किती गुणी, बारमदे जाऊन सरबतावर राहिला. ऋतिक बोलला, आजोबांकडनंच शिकलो. मग आबाजी माझ्या कानाला लागून बोलला, वैनी, बाकीच्यांचं मला माहीत नाय, मी आपलं आलंच घेतलं. मग ऋतिक बोलला तेच, मग तिसरा बोलला तेच. कर्जत फाट्यापर्यंत टेंपोतला प्रत्येक माणूस मला एकटीलाच खरं सांगून बसला. आणि गाणं असं चाललेलं, की वाटेतली कुत्री उठून उभी राहिली. इतकी वर्षं दमल्यावर ही माणसं नुसती झोपताना बघितली. दमून गाताना पैल्यांदाच बघितली गं.

आणि मला नुसतंच दिलंस ते मला कळलं नाय असं समजू नको. पैल्या घोटाला कळलं. चारचौघींत काय बोलायचं म्हणून गप बसले. पुढच्या बुधवारी मला विचार, नवा का जुना. माझा खोकला या गावात सगळ्यांत जुना हाय.

आता तुझ्या बापाचं. वाटेत तो पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढताना म्हशीला बोलला. मी गोठ्याच्या दारातच होते, पण म्हशीलाच बोलला. "संध्याकाळपासून उभी होती ती. एकदा पण टेकली नाय. टेकायला काय हायच नाय तिथं."

 माझ्यासारखी बाई गप बसली म्हंजे तू समज.

दुपारी त्यानं माळ्यावरनं फणसाच्या लाकडाचं एक जुनं बुटकं स्टूल काढलं आणि शुक्रा सुताराकडं घेऊन गेला. शुक्रानं विचारलं पाय किती वाढवू, तर हा स्वतःच्या बरगडीला हात लावून दाखवतो, काउंटर इथपर्यंत येतं, तिची उंची एवढी, मग बसायला इथं पायजे. आत येऊन पेला घेतला एवढ्यातच सगळं मापून आला होता. दोन दिवस बसून चारी पाय सांधून घेतले. पाय ठेवायला खाली एक आडवी पट्टी पण लावलीय, ती शुक्राला सुचली नव्हती.

ते स्टूल आज टेंपोत चढवलंय. जितेश कुरकुरतोय, दुधाच्या कॅनांत ह्याला जागा कुठली. नवीननं स्वतः दोरीनं बांधून दिलंय आणि अजून तिथंच उभा हाय, गाठ बघत.

तुझ्या शेठला सांग, बारमागं ठेवायचं. कोणी हलवायचं नाय.

उंची बरोबर झालीय का, असं तो मला विचारतोय. मला काय ठाऊक. बसून बघ, आणि कमीजास्त काय असलं तर या खेपेला मला लिहू नको. त्याला फोन कर. मोबाइल वरच्या खिशात ठेवलाय सकाळपासून.

तुझी आजी